चार बोटं उंच

मामा, आधी बातमी सांगतो, भांडण नंतर. तुमचं पुढचं दार आता उघडतं. एका बोटानं ओढलं की उघडतं, लोटलं की लागतं, कुरकूरसुद्धा नाही. तुमच्या बाराव्याच्या सकाळी शैलाच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "बाबांचं लाकूड सुकलं बहुतेक." मी म्हटलं, सुकायचंच होतं तर सगळ्या घराला चार महिने मागच्या दारानं कशाला नाचवलं? त्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप केळीची पानं पुसायला बसलो. पण तुम्हांला सांगायला हवं. तुम्ही बरोबर होता. वेळ चुकली, पण माणूस बरोबर होता. हे मी तुमच्यासमोर जन्मात कबूल केलं नसतं, आणि आता करतोय म्हणून वर बसून फार फुगू नका.

तसं तुमच्यासमोर मी बोललो तरी काय म्हणा! तेरा वर्षं आपण एका घरात राहिलो, पण सासऱ्यानं जावयाशी आणि जावयानं सासऱ्याशी सरळ तोंडावर बोलायचं, हे आपल्याला कधी जमलं नाही. मधे शैला असायची. तुमची मुलगी, माझी बायको आणि आपल्या दोघांची टपालपेटी.

पाळी गावची खाण बंद पडली आणि खाणीच्या रस्त्यांवरचा सुपरवायझर, म्हणजे मी, घरी बसलो. शैला तुमची एकुलती एक. मामी जाऊन वर्ष झालेलं. मांद्र्याच्या एवढ्या मोठ्या घरात तुम्ही एकटे, रोज पेज शिजवायचे आणि रोज करपवायचे. शैला म्हणाली, आपण तिकडे जाऊ. मी दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन आलो. घरजावई हा शब्द कोणी उच्चारला नाही. तुम्ही तर माझं नावच कधी उच्चारलं नाही. लग्नपत्रिकेचं प्रूफ तुम्ही स्वतः तपासलेलं, तेव्हा रमाकांत हे नाव तुम्हांला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तुमच्या तोंडी मी कायम पाळीकर. बाजारात कोणी विचारलं, हे कोण, की तुमचं उत्तर ठरलेलं, "आमच्या शैलाचे घोव, पाळीचे." जसा काही मी संध्याकाळच्या बसनं परत जाणार आहे!

जेवताना हुमणाचं, माशांच्या आमटीचं, भांडं आपल्या दोघांच्या मधे असायचं. तुमचा हात सहज पोचायचा. तरी तुम्ही आत हाक मारायचे, "शैला, पाळीकरांक विचार, हुमण होया?" मी म्हणायचो, "मामांना सांग, पुरे." आणि शैला तव्यावरचा बांगडा उलटता उलटता म्हणायची, "दोघांचेही कान शाबूत आहेत ना?"

आता एक गोष्ट सांगतो, जी मी कोणालाच सांगितलेली नाही. तुमचा आवाज काय लहान होता? पदेर पाव घेऊन उशिरा आला की त्याच्यावर ओरडायचे. कावळ्यांवर, पंचायतीवर, नळाच्या पाण्यावर ओरडायचे. शैलावर तर रोज. माझ्यावर एकदाही नाही. तुमची वेताची लाडकी कदेल, सगळ्या खुर्च्यांत तेवढी एक तुमची, ती माझ्याखाली मोडली. मी डोळे मिटून वाट बघत बसलो. तुम्ही म्हणालात, "आसूं दी, जुनीच आसली." लोक म्हणायचे, नशीबवान जावई. मला ते लागायचं हो. ओरडतात ते घरच्या माणसावर. पाहुण्यावर कोण ओरडतं? मी ह्या घरचा की पाहुणा, हे एकदा तुमच्या तोंडून कळावं, एवढंच मला हवं होतं. चांगलं बोलून नको, शिवी देऊन कळलं असतं तरी चाललं असतं.

मग गेल्या उन्हाळ्यात लाद्यांचं निघालं. मागच्या दोन खोल्या आपण समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांना देतो. त्यातली एक गोरी बाई घरात अनवाणी फिरायची आणि आपल्या तांबड्या कोब्यानं तिचे तळवे लग्नातल्या नवरीसारखे रंगले. ती हसली, पण मला शरम वाटली. मी शैलाला म्हटलं, मामांना सांग, लाद्या बसवू. तुमचं उत्तर आलं, "बसय म्हणान सांग. पण कोबो फोडूचो ना. शैलाच्या आवयन खोबरेल घालून घासलेलो तो." मामींचं नाव आलं की वाद संपला. ठरलं, कोबा फोडायचा नाही, वरच लाद्या बसवायच्या.

लाद्या बसवणारा बसाप्पा बेळगावकडचा. त्यानं जमिनीवर टिचक्या मारून बघितल्या आणि म्हणाला, "फोडल्यालं बरं बघा वो काका. वरनं बसवलं तर जमीन दोन इंच वर येतीय. मग दार घासतंय आणि उंबरठा बुडतोय." झालं तसंच. लाद्या चकाचक बसल्या, आणि पुढचं दार उघडायला गेलो तर ते लादीवर अडकून उभं. दाराची खालची कड कापली, तो प्रश्न मिटला. पण उंबरठ्याचं काय? पूर्वी तो जमिनीपासून चांगला वर होता. आता निम्मा लादीत गेला. त्याची दोन्ही टोकं वाळवीनं आधीच खाल्लेली, मधला भाग तेवढा हळदीकुंकवाच्या पुटावर उभा. तुम्ही त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिलात आणि म्हणालात, "उंबरठो बुडलो म्हणजे घराची अब्रू बुडली." दोन्ही बाहेरच्या दारांचे उंबरठे बदलायचे, ह्यावर आपलं एकमत झालं. तेरा वर्षांतलं ते पहिलं एकमत. ते पाच मिनिटं टिकलं.

मला ग्रॅनाइट हवा होता. वाळवी नाही, फुगणं नाही, बसाप्पा तिथंच कापून देणार. तुम्हांला लाकूड हवं होतं, आणि तेही आपल्या परसातल्या फणसाचं. तो फणस होळीच्या सुमाराला पाडलेला, म्हणजे अजून ओला.

"शैला, पाळीकरांक सांग, दगडाचो पाटो आसता, उंबरठो न्हय."

"मामांना सांग, देवळाचा उंबरठा दगडाचाच असतो."

"तांका सांग, थय देव रवता. हय माणसां रवतत."

"मामांना सांग, लाकूड ओलं आहे. पावसात फुगेल."

"तांका विचार, फेरीची फळी कोण सोडी? ते काय मी?"

इथं माझं तोंड बंद व्हायचं. तुमची सगळी नोकरी केरीच्या फेरीबोटीवर गेली. भरती असो की ओहोटी, फेरीची लोखंडी फळी धक्क्यावर अशी अलगद टेकवायची की स्कूटरचं चाकसुद्धा उसळलं नाही पाहिजे. पाणी कुठं संपतं आणि जमीन कुठं सुरू होते, हे तुम्हांला शिकवणारा अजून जन्मायचा होता. निदान पाळीत तरी तो जन्मलेला नव्हता, असं तुमचं मत.

आठवडाभर टपालपेटीनं हे सगळं वाहिलं आणि मग ती भडकली. "देवाला कौल लावा," शैला म्हणाली. "तो सांगेल ते दोघांनी ऐकायचं." आपल्याकडे माणसांत निकाल लागला नाही की देवाकडे जातात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी पडली की हे, डावी पडली की ते. आपण तिघं गेलो. गुरवानं देवाला सांगितलं, उजवी पडली तर फणस, डावी पडली तर दगड. सांगून झालं. आणि पाकळ्या जशाच्या तशा! गोंदानं चिकटवल्यासारख्या. अर्धा तास गेला, तास गेला. आपल्यामागे एका मुलीच्या लग्नाचा कौल ताटकळत होता, तिची आई माझ्याकडे असं बघत होती की स्थळ मीच मोडलं असावं. तुम्ही पुटपुटलात, "शैला, पाळीकरांक सांग, वाऱ्याक आडवे रवू नकात." मी दोन पावलं सरकलो. तरी काही नाही. शेवटी गुरव वळला आणि हात जोडून म्हणाला, "काका, देव तुमच्या घरच्या झगड्यात पडना. तुमीच ठरयात."

परत येताना वाटेतच शैलानं निकाल दिला. पुढचं दार बाबांचं, मागचं दार तुझं. "आणि ह्यापुढे उंबरठा हा शब्द माझ्या कानावर आला तर दोघांनाही त्याच्यावर नेऊन बसवीन," ती म्हणाली. उंबरठ्यावर बसू नये हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, तेव्हा धमकी भारी होती.

तुमच्या दाराला सुतार आला, शाणू मेस्त. त्यानं जुना उंबरठा मधोमध करवतीनं कापला आणि दोन दातांसारखे दोन तुकडे उपटून काढले. टोकांचा नुसता भुगा झालेला. मग त्यानं विचारलं, "किती वयर घेवया?" तुम्ही म्हणालात, "चार बोटां." त्यानं विचारलं, "कोणाची?" मला तो प्रश्न फार आवडला. तुम्ही खाली वाकलात, नव्या लादीवर आपला हात आडवा उभा केलात आणि शाणूनं वरच्या बोटाच्या वर पेन्सिलीनं रेघ मारली. जन्मभर फेरीच्या साखळ्या ओढलेला तुमचा हात! तुम्ही चहाला आत गेल्यावर मी टेप लावला, तर उंची जवळजवळ चार इंच. शाणू हळूच म्हणाला, "ही बोटां न्हय हो, हत्तीचो पाय." पण कापलं त्यानं तेवढंच. खाली तांब्याचं नाणं ठेवलंत, हळदीकुंकू वाहिलंत, नारळ फोडलात, आणि त्या फणसाच्या पिवळ्याधमक लाकडाकडे असं बघितलंत की मला क्षणभर वाटलं, दुसरी मुलगी झाली.

त्या दिवसापासून त्या उंबरठ्याची ठेच लागली नाही असा माणूस मांद्र्यात उरला नाही. पदेर पावांच्या टोपलीसकट सोप्यावर लोळला. पोस्टमन बाहेरूनच पत्रं आत फेकायला लागला. गोऱ्या बाईनं अंगठा फोडून घेतला आणि तुम्ही तिला मराठीत बजावलंत, "पाय उचलून चालावं." एकटे तुम्ही कधी अडखळला नाहीत. अडखळाल कसे? माप तुमचं!

आता माझं दार. इथं मी खाली मान घालतो. खाणीच्या रस्त्याला उतार द्यायचा तो बाहेर दरीकडे नाही, आत डोंगराकडे. म्हणजे पाणी आतल्या गटारात जातं आणि रस्ता टिकतो. वीस वर्षं मी हेच सांगत आलो. बसाप्पानं मागच्या दाराचा ग्रॅनाइट चुन्यासिमेंटावर टेकवला आणि विचारलं, "उतार कुठल्या बाजूला देतासा?" मी विचारही न करता म्हटलं, "आत." तो थांबला. "आत? स्वयंपाकघरात? खरंच की वो?" मी म्हटलं, "अरे, मी रस्त्यांचा माणूस आहे. सांगतो ते कर." बिचाऱ्यानं केलं. पाणसळ लावून, अगदी नेमका उतार, थेंब चुकणार नाही असा.

पाऊस लागला आणि मागच्या परसातलं सगळं पाणी माझ्या गुळगुळीत ग्रॅनाइटवरून रांगेनं स्वयंपाकघरात आलं. शैला स्टुलावर चढून ओरडत होती. पिठाचा डबा तरंगत फ्रीजकडे निघाला होता. तुम्ही धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन दारात उभे राहिलात, सगळं नीट पाहून घेतलंत आणि म्हणालात, "शैला, पाळीकरांक विचार, हय फेरी लावूया काय?"

तुमचा आनंद आठ दिवस टिकला. मग तुमचा फणस पाणी प्यायला. फुगला, फुगला आणि दाराला असा भिडला की दार हलेना. सगळा पावसाळा पुढचं दार बंद. पै-पाहुणा, पोस्टमन, गोरी बाई, सगळे वळसा घालून माझ्या ओल्या ग्रॅनाइटवरून आत येऊ लागले. मी एक अक्षर बोललो नाही. फक्त शैलाला एकदा म्हटलं, "मामांना सांग, काही नाही." तुम्ही दोन दिवस जेवताना हुमणाचं विचारलं नाहीत.

आणि चवथ आली. गणपती काही मागच्या दारानं येत नाही. दोन दिवस आधी शाणू मेस्तानं रंधा मारून, शिव्या घालून दार उघडलं, आणि ते परत मिटू नये म्हणून दोरीनं शेजारच्या जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजाला बांधून ठेवलं. चवथीच्या सकाळी तुम्ही आणि शैला गणपती आणायला शाळेत गेलात, म्हणजे आपल्या मूर्तिकाराकडे. मी घरात एकटा, माटोळीला, गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला, शेवटचा कोहळा बांधत होतो. दोरी कमी पडली. इकडेतिकडे बघितलं, तर जनेलाला एक चांगली दोरी दिसली. मामा, मी ती सोडली. होय, मीच सोडली. आजवर मी वाऱ्याचं नाव सांगत आलो. वारा आला हे खरं, दार धाडकन आपटलं हेही खरं, पण दोरी कोहळ्याला होती.

दार घट्ट बसलं. मी ओढलं, लाथ मारली, देवाला हाक मारली. तेवढ्यात वाड्यावरून "मोरया" ऐकू आलं. बाहेर अंगणात पावसाची भुरभुर, तुमच्या दोन्ही हातांवर गणपती, मागे शेजारीपाजारी, शैला आरतीचं ताट घेऊन. आणि आत पहार घेऊन मी.

"शैला, पाळीकरांक सांग, दार उगड."

"उघडत नाही!" मी आतून ओरडलो.

"तांका विचार, दोरी खय गेली?"

मी वर कोहळ्याकडे बघितलं.

कोणीतरी म्हणालं, "काका, मागल्या दारान हाडूया."

"मागल्या दारान चोर येता, देव न्हय!"

मी बिजागऱ्यांना भिडलो. खिळे गंजलेले. वरून हातोडा मारतोय, काही होत नाही. बाहेर मोरया थांबलं. शैलानं नंतर सांगितलं, तुम्ही मूर्ती कोणाला घेऊ देत नव्हता. आणि मग दाराच्या फळीतून तुमचा आवाज आला. केरीच्या पलीकडच्या तीराला ऐकू जाईल असा.

"रे रमाकांता! मेल्या, झोपलंस काय भितर? खिळो खालून मार! खालून रे गाढवा, वयल्यान न्हय! खाणीर इतकी वर्सां काय माती खाल्लंस?"

हातोडा माझ्या हातात तसाच राहिला. रमाकांत! गाढव! मेल्या! मधे कोणी नाही, सरळ माझ्यावर, सगळ्या वाड्यासमोर. मग मी खालून असा एक ठोका दिला की खिळा उडून पार माटोळीत गेला. दुसरा दिला, आणि दार माझ्याच अंगावर आलं. मी ते दोन्ही हातांनी धरलं. तुम्ही पाय उचललात, तुमच्याच मापानं, तसूभर कमी नाही की जास्त नाही, आणि गणपती घरात आले. दार ठेवायला जागा नव्हती. सगळी आरती संपेपर्यंत मी ते छातीशी धरून उभा होतो. लोकांना वाटलं मला घाम आलाय. मी रडत होतो, मामा, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी तुमच्या शेजारी पाट मांडला आणि वाट बघितली. तुम्ही म्हणालात, "शैला, पाळीकरांक विचार, नेवरी होयी?"

झालं! पुन्हा संध्याकाळची बस. तेव्हापासून मला तुम्हांला विचारायचं होतं, त्या दिवशी घाईत तोंडून गेलं, की तेरा वर्षं पोटात होतं ते बाहेर आलं? रोज ठरवायचो, आज विचारू. शैलामार्फत विचारण्यासारखा तो प्रश्न नव्हता, आणि सरळ विचारायची आपल्याला सवय नव्हती. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, शाणूनं परत बसवलेलं दार तसंच अडकून राहिलं. आणि एका दुपारी तुम्ही जेवून त्याच दुरुस्त केलेल्या कदेलीवर टेकलात आणि उठला नाहीत. मला वाटलं डोळा लागलाय, म्हणून मी रेडिओचा आवाज कमी केला.

तिरडी अंगणात बांधली. शाणूनं पुढचं दार पुन्हा बिजागऱ्यांवरून उतरवून ठेवलं, तुम्हांला हातांवर उचलून बाहेर आणायचं होतं. मी पुढे झालो, तर शेजारचे म्हातारे आजोबा म्हणाले, "जावयान हात लावूचो नसता." रीत आहे, मला माहीत आहे. वाईट हेतूनं कोणी बोललं नाही. पण त्या क्षणी मला कळलं, आता उत्तर द्यायला तुम्ही नाही, आणि तुमच्यामागे गाव माझं उत्तर देऊन मोकळा झाला. मी बाजूला झालो. चौघांनी तुम्हांला उचललं. चौघंही बाहेरगावचे तुमचे भाऊबंद, त्यांच्या पायांना आपलं दार ठाऊक नाही. पहिला माणूस उलटा चालत दाराकडे निघाला आणि मला दिसलं, हा आता पडणार, आणि त्याच्याबरोबर मामाही.

मी ओरडलो. "थांबा! पाय उचला! अजून! अजून वर, चार बोटं आहेत ती, मामांची आहेत!" मग मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो आणि एकेकाला नाव घेऊन सांगत गेलो, उजवा उचल, आता डावा, हळू. फेरीवर तुम्ही स्कूटरवाल्यांना सांगत असाल तसं. माझा हात तुम्हांला लागला नाही. पण तुम्हांला धक्का न लावता त्या उंबरठ्यावरून बाहेर काढलं ते मी. अग्नी शैलानं दिला. तेव्हा मात्र कोणी काही बोललं नाही, तिचा चेहरा बघून बोलायची कोणाची छाती नव्हती.

अकराव्या दिवशी स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. माझ्या तोंडून सहज गेलं, "एक बरं झालं, माझा ग्रॅनाइट पहिल्या पंधरा दिवसांत जरा गळला, पण मग दगड बसला आणि पाणी यायचं थांबलं." हे मी सगळ्या वाड्याला सांगत फिरलो होतो, तुमच्या देखत सांगितलं होतं. शैला माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "थांबलं कुठं? बाबा तू उठायच्या आधी उठायचे. पाणी पुसायचे, दारात गोणपाटाच्या वळकट्या लावायचे, फेरीवर लावायचे तशा. मला म्हणाले, पाळीकरांक सांगू नको, तांका वायट दिसतला."

मी आधी हसलो, मामा. तुमच्यासमोर छाती फुगवून दगड बसल्याचं सांगत होतो आणि तुम्ही पान लावत ऐकून घेत होता, मिशीसुद्धा हलवली नाहीत. त्या वयात पहाटेच्या गारठ्यात वाकून माझी चूक पुसत होता. मग हसता हसता माझं काय झालं ते शैलानं पाहिलं. हे तुम्ही पाहुण्याचा मान राखायला केलंत, की घरच्या पोराची चूक झाकायला? आता मी विचारू कोणाला? मधे शैला आहे, पण पलीकडे कोणी नाही.

हे सगळं मी लिहायला बसलो त्याचं कारण आज दुपारी घडलं. मी जेवत होतो. अंगणात पाडेली आला, आपल्या माडांचे नारळ पाडतो तो. दोन-तीन महिन्यांनी पेडण्याहून येतो, त्याला काही कळलेलं नव्हतं. खांद्यावरची दोरी काढत त्यानं हाक दिली, "घरधनी आसत काय?"

मी घास हातात धरून आत वळलो आणि म्हणालो, "मामा, तुमच्याकडे पाडेली आलाय."

स्वयंपाकघरातून शैला म्हणाली, "बाबा जेवतायत म्हणावं, बसायला सांग त्याला."

मग आत भांड्यांचा आवाज थांबला. बाहेर पाडेलीनं पुन्हा हाक दिली. मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो, मामा, तुम्ही उठाल म्हणून. मग हात धुतला आणि बाहेर गेलो.